डॉसच्या मशीनवरचं पीठ

लाखनीले हायवेच्या कडंले, ट्रकवाले पंक्चर काढत उभे राहतात ना, त्याच लायनीत केवळराम मास्तराचा टायपिंगचा क्लास होता. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. पुढच्या खोलीत टायपिंगच्या मशिनी खडखड खडखड, अन् मागच्या खोलीत, पडदा लावून, चपला बाहेर काढाले लावून, ठेवला होता कॉम्प्युटर! आजूबाजूच्या कोन्या गावात नोहता. लोकं खिडकीतून पाहाले येत. हिरवी अक्षरं लुकलुक करत अन् बुढे लोकं हात जोडून जात, हासू नका, खरंच जात.

ते मशीन आनलं, जोडलं, शिकवलं, सगळं जागेश्वरनं. जागेश्वर म्हनजे क्लासमंधी येनाऱ्या तुळसाचा मोठा भाऊ. लहानपनी तनस, म्हनजे धानाचा पेंढा, कापाच्या मशीनमंधी त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं होतं. पन पोरगा असा टायपिंग करे का पाहातच राहावं! अन् ओळ संपली का त्या थोट्या बोटानं शेवटचं मोठं बटन असं ठाप्पकन हाने. मंग उन्हाळ्यात कावीळ झाली. पंधरवडाही नाही काढला. गेला.

मंग क्लासमंधलं ते मशीन तुळसाच पाहू लागली. भावानंच शिकवलं होतं तिले, दुसरं येते कोनाले?

आता नीट ऐका. जागेश्वरनं जाच्या आधी एका फ्लॉपीवर एक प्रोग्राम लिवून ठेवला होता. गंमतीचा. लावला का मशीन विचारे, कोन आहे बावा? नाव टाकलं का तुमच्यासंग बोले. अक्षरं इंग्रजी, पन बोली आपली. "जेवली का?" "डोकं नको खाऊ बे." "मास्तर झोपले का खुर्चीत?" पोट्टेपोट्टी हासून हासून लोळत. तो गेल्यावर मात्र कोनी लावला नाही. एक दिवस दुपारी तुळसानं एकटीनं लावला, नाव टाकलं, अन् मशीन म्हने, "तुळसे, रडू नको वो."

आता हे त्यानं आधीच लिवून ठेवलं असन का? असू शकते ना. आजारी होता, समजलं असन त्याले. तुळसा सोताले असंच समजावे. उघडून पाहावं म्हटलं तर सोय नाही, काहून का त्यानं तो प्रोग्राम बंद करून ठेवला होता. चाले, पन आत काय लिवलं ते दाखवत नसे. दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेता येत नाही, अन् फ्लॉपी चाले ते याच मशीनवर. पन मंग एक दिवस तिनं टाकलं का मायचा पाय दुखते. तर मशीन म्हने, "कोठ्यात जाताना उंबऱ्याले लागला ना." अन् मायले खरंच कोठ्यातच, ढोरं बांधतात तिथं, लागलं होतं, आदल्या दिवशी! सांगा आता, हे कोनं लिवलं असन?

तुळसानं हे फक्त मायले सांगतलं. मायनं, पार्वताबाईनं, तांदूळ पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं.

"तरीच," ते म्हने. "तिसऱ्या दिवशी पीठ ठेवलं त्याच्या जागेवर, तर काही नाही उमटलं. ना पाखराचा पाय, ना मुंगीची रांग. मी तवापासून म्हनून राहिली, माहा पोरगा गेला कुठं?"

तुमच्याकडंही ठेवत असन ना पीठ? मानूस गेला का त्याच्या जागेवर पीठ पसरतात, वरून टोपली पालथी घालतात, अन् मंग उघडून पाहातात कशाचा पाय उमटला. ज्याचा उमटला त्या जन्माले गेला. जागेश्वरच्या पिठावर काहीच नोहतं. कोरं. माय मयनोन्‌मयने ते कोरं पीठच पाहात होती डोळ्यासमोर.

अन् अशातच, पितराच्या पंधरवड्यात, नागपूरहून भैय्यालाल आला. कॉम्प्युटर विकनारा. मोठ्ठं खोकं घेऊन, टेम्पोत गाद्या टाकून.

"मास्तरजी, जमाना बदल गया," म्हने. "तुमच्या मशीनमंधलं हे सीपीएम आता कोनी इचारत नाही. नागपुरात जिकडं पाहा तिकडं नवी सिस्टीम, डॉस. पोट्टे डॉस शिकून नौकरीवर लागून राहिले. तुमचे पोट्टे हे शिकून काय करतीन, भजे तळतीन?"

"अगा, पन हे जागेश्वरनं बसवलं ना," मास्तर म्हने.

"तो पैले वाला घेऊन जातो ना मी! बदल्यात. आठ दिवस दोन्ही बाजूबाजूले ठेवा, चालवून पाहा. जो पसंद नाही आला तो टेम्पोत."

म्हनजे समजलं ना? जुनं मशीन टेम्पोत गेलं का तो प्रोग्राम मेला. तुळसाचा भाऊ दुसऱ्यांदा जानार होता.

दोन्ही मशीन एका टेबलावर ठेवले. अन् पाहा गंमत, चालू केले का दोन्हीवर तेच उमटे, एक इंग्रजी ए अन् त्याच्यापुढं बान. जुळे भाऊ जसे. तुळसाले वाटलं, अरे, मंग काय फरक आहे? तिनं जागेश्वरची फ्लॉपी नव्या मशीनमंधी टाकली. लाल लाइट लागला. आत कोनी दात खाऊन राहिलं तसा आवाज आला, करर्र करर्र, अन् पडद्यावर आलं का वाचता येत नाही. थांबू, पुन्हा पाहू, का दुर्लक्ष करू?

तिनं पुन्हा पाहा म्हटलं. करर्र. पुन्हा पाहा. करर्र. किती वेळा केलं असन, भैय्यालालच ओरडला, "मॅडम, वो नहीं पढेगा! दुसऱ्याची भाषा आहे त्याच्यासाठी. घासून जाईन हेड!"

फ्लॉपी काढली तर गरम होती. फ्लॉपी गरम होते का कधी एवढी? अंगात ताप असल्यासारखी होती. अन् त्या रात्रीपासून म्हना, दुसऱ्या दिवसापासून म्हना, जुन्या मशीनवर जागेश्वर कमी बोलू लागला. तुळसानं लिवलं, "दादा, रागावला का?" तर "डोकं नको खाऊ." बस. तिनं लिवलं, "तुले घेऊन चालले." तर "जेवली का?"

इकडं मास्तरचं काही ठरेना. सकाळी म्हने डॉस, संध्याकाळी म्हने सीपीएम. ॲडमिशन पाहा तर नवीन पाहिजे, जागेश्वरची आठवन पाहा तर जुनं. आठवा दिवस आला. भैय्यालाल सकाळीच टेम्पो घेऊन हजर. अन् त्याच्या मागून कोन? पार्वताबाई! डोक्यावर दोन टोपल्या, काखेत तांदळाच्या पिठाचा डबा.

"मास्तर," ते म्हने, "तुम्ही नका ठरवू. ज्याचं आहे त्याले ठरवू द्या."

"म्हनजे काय वो, बाई?"

"दोन्हीवर पीठ टाकतो. आज त्याची तिथी आहे. पान वाढून ठेवलं मी तुमच्या आंगनात. ज्याच्यावर त्याचा हात उमटन ते ठेवा."

भैय्यालाल म्हने, "कीबोर्डपर आटा? अरे मेरा नया माल है!" पन मास्तरच्या चेहऱ्यावरून तर ओझंच उतरलं ना! आठ दिवसाची कटकट त्याच्या डोक्यावरून गेली. त्यानं मेन स्विच बंद केला, भैय्यालालचा दंड धरला, अन् म्हने, "चला हो, जेवून घेऊ. माही बायको वडे तळून राहिली."

मायनं दोन्ही कीबोर्डवर चाळनीनं पीठ चाळलं, बारीक, पातळ, जसं रांगोळीच्या आधी करतात. टोपल्या पालथ्या घातल्या. दार लोटलं. सगळे मागच्या आंगनात पानावर बसले.

तुळसानं एक वडा मोडला अन् पानावरच ठेवला. ते पानी आनतो म्हनून उठली अन् सरळ क्लासमंधी शिरली.

भर दुपार. पितराची दुपार कशी असते माहीत आहे ना? हायवेवर एक ट्रक नाही. खिडकीत कावळा बसला होता, पन ओरडत नोहता. खोलीत दोन टोपल्या, पालथ्या, अन् कच्च्या तांदळाच्या पिठाचा वास.

तिनं आधी जुन्या मशीनची टोपली उचलली. कोरं. एक दाना हालला नोहता.

आता मास्तर जुनं देऊन टाकन. तिनं इकडंतिकडं पाहिलं, उजव्या हाताचं पहिलं बोट दुमडून घेतलं, अन् दुमडलेल्या पेरानं ते मोठं बटन दाबलं. ठाप. हुबेहूब अर्ध्या बोटाचा ठसा. आजूबाजूच्या चारदोन बटनांवर बोटं टेकवली. झालं! टोपली घातली. जाऊ लागली.

अन् जाता जाता, उगीच, दुसऱ्या टोपलीखाली काही नाही ना म्हनून, उचलून पाहिली.

नव्या मशीनवरचं पीठ दाबलेलं होतं. एक बटन, दुसरं बटन, तिसरं, जसं कोनी आरामात बसून बोललं. अन् मोठ्या बटनावर थोटं बोट. तिनं केलं तसं नाही. तिचं पेराचं होतं, वाकडं. हे सरळ, गोल, मधात ती शिवनीची रेघ, लहानपनी टाके घातले त्याची. पीठ ओलं होतं तिथं. घामानं.

दादा इकडं आला होता. ज्याले वाचता येत नोहतं त्याच्यात! कसा आला, किती तरफडून आला, तेच जाने.

अन् आंगनातून मायचा आवाज, "तुळसे! कुठं गेली वो?" चपला वाजल्या. दाराकडंच येऊन राहिल्या.

दोन्हीवर ठसे. दोन्ही राहू शकत नाही. एक पुसा लागन, आताच्या आता. अन् पाहा, तिच्या मनात काय आलं असन ते समजून घ्या. जुन्या मशीनवर त्याचे शब्द होते, तिले पाठ असलेले, "रडू नको वो" म्हननारे. नव्या मशीनवर काय होतं? नुसतं बोट. अन् ते बोट तिच्याशी बोलनच कशावरून? भीती वाटली तिले, दुसरं काही नाही. तिनं ओढनी घेतली अन् नव्या मशीनवरचं पीठ पुसून टाकलं. डब्यातलं मूठभर घेऊन वरून भुरभुरवलं. टोपली घातली.

दार उघडलं. माय, मास्तर, हात पुसत भैय्यालाल.

मायनं जुन्या मशीनची टोपली उचलली अन् तिथंच खाली बसली. "माहं लेकरू," ते म्हने. "मास्तर, पाहा, त्याचं बोट! पाहा!" मास्तरनं दुसरी उचलली, कोरं पाहिलं, अन् कानाले हात लावला. "ठरलं बाप्पा. भैय्यालाल, तुमचं मशीन घेऊन जा. डॉसवाले जाऊ दे नागपूरले."

भैय्यालाल लई बडबडला. कुंच्यानं पीठ झाडत बसला. मास्तर खोकं आनाले गेला. भैय्यालाल म्हने, "रुको, चालू करून पाहातो, आटा अंदर गया तो तुमच्याकडून भरून घेईन." मेन चालू केला, आपली डॉसची फ्लॉपी टाकली, बटन दाबलं.

ए आला. बान आला. मंग भैय्यालालचे दोन्ही हात कमरेवर असताना, लाल लाइट लागला, करर्र झालं, अन् पुढं अक्षरं येऊ लागली. एक एक. हळू हळू.

"का... हून," भैय्यालाल वाचू लागला, "काहून पुसलं? मतलब, क्यों पोंछा? ये क्या है? काहून पुसलं वो?" त्यानं तुळसाकडं पाहिलं. "मॅडम, ये आपने लिखा?"

माय जुन्या मशीनजवळ डोळे पुसत बसली होती. तिले वाचता येत नोहतं, अन् ते इकडं पाहातही नोहती. चारपाच मयन्यानं त्या बाईच्या चेहऱ्यावर हासू आलं होतं. एक शब्द बोलाचा होता तुळसाले. एकच. मायले म्हनाचं होतं, माय, इकडं पाहा.

"माहीत नाही," तुळसा म्हने.

पडद्यावर अजून एक अक्षर आलं. मंग अजून एक.

भैय्यालालनं वायर खेचली. "व्होल्टेजका लफडा है तुम्हारे गाँवमंधी," म्हने. मशीन खोक्यात गेलं, खोकं गाद्यांवर, अन् टेम्पो हायवेले लागला. तुळसा दारातून पाहात होती. भंडाऱ्याकडं वळेपर्यंत दिसला, मंग ट्रकच्या मागं गेला.

संध्याकाळी तिनं जुन्या मशीनवर प्रोग्राम लावला. लिवलं, "दादा, चूक झाली." मशीन म्हने, "जेवली का?" तिनं लिवलं, "तू कुठं आहे?" "डोकं नको खाऊ बे." "दादा." "मास्तर झोपले का खुर्चीत?" मंग पुन्हा "जेवली का?" त्याच त्या तीन गोष्टी, गोल गोल, घान्याच्या बैलासारख्या. तिनं मुद्दाम टाकलं, मायचा पाय दुखते. तर "जेवली का?" म्हने.

नागपूरले भैय्यालालच्या दुकानात फोन लावला मंग तिनं, पोस्टातून. तर म्हने ते मशीन तर विकल्या गेलं, रायपूरच्या पार्टीले. तिकडून पुढं कुठं गेलं ते त्याले काय माहीत.

अन् तवापासून माय रोज येते ना क्लासले. दुपारी, पोट्टे गेले का. डबा घेऊन येते, चपला बाहेर काढते, मशीनच्या बाजूले स्टूलवर बसते. तिले वाचता येत नाही. तुळसानं टाकाचं अन् तुळसानंच वाचून दाखवाचं.

"विचार त्याले, थंडी वाजते का?"

तुळसा टाकते. हिरवी अक्षरं येतात, "डोकं नको खाऊ बे."

"नाही म्हनते, माय. ऊब आहे म्हनते इथं."

माय मान हालवते. पदरानं पडद्यावरची धूळ पुसते, अशी हळू, जशी पोराच्या तोंडावरची पुसावी. अन् एक दिवस काय विचारलं माहीत आहे?

"तुळसे, विचार ना त्याले. तो आपल्यावर रागावला तर नाही ना?"

तुळसाची बोटं बटनांवर होती. तिनं दाबलीच नाही. पडदा तसाच, हिरवा.

"काय म्हनते?" मायनं विचारलं.

"नाही म्हनते," तुळसा म्हने.