उजवीकडची टोपली

उद्या पोरांना झाफिरच्या घोडीवर बसवणार म्हणतोस? मग बस इथं. ग्लासातली ती राकिया संपव आधी, आणि ऐक. गोष्ट लांबलचक नाही, पण त्याच्या अंगणात पाय ठेवायच्या आधी तुझ्या कानावर असलेली बरी.

तर त्या दिवशी सकाळी झाफिर टोपल्या लपवत होता. गोठ्यात गवताच्या ढिगामागं ढकलत होता, आणि त्या काही जात नव्हत्या. वाळुंजाच्या फांद्यांच्या टोपल्या, पोटाशी गोल, एकीत एक पोर मावेल एवढ्या. घोडीच्या लाकडी खोगिराला दोन्ही अंगांना एकेक अडकवायची. आमच्या डोंगरात पोर पहिल्यांदा घोडीवर बसतं ते असंच. खोगिरावर बसायची अक्कल नंतर येते.

दारात त्याची बायको फिदाना उभी, कोपरापर्यंत पिठानं माखलेली.

"टोपल्या कुणापासून लपवतोस, म्हाताऱ्या? पोर लहान आहे, आंधळी नाही."

"तू आपलं पीठ मळ."

"मळतेच आहे. तुझ्यासारखं गवतात तोंड नाही खुपसलेलं."

झाफिरनं टोपल्यांवर आणखी गवत ओढलं.

आता मागचं थोडं सांगतो. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात रालित्सा आली होती, आमच्या गावचीच मुलगी, प्लोवदिव शहरात दिलेली. बरोबर जुळी पोरं. बिल्याना आणि यासेन. दोघांनी घोडी घोडी करून झाफिरचं डोकं खाल्लं. पण त्याची घोडी सर्ना तेव्हा गाभण, पोट जमिनीला टेकायला आलेलं. झाफिर म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात. तरी पोरं हटेनात, म्हणून त्यानं टोपल्या अंगणात मांडल्या आणि दोघांना आत बसवून बघितलं. लगेच भांडण. दोघांनाही उजवीकडची हवी. कारण वर जाताना उजव्या हाताला सगळी दरी, नदी, रस्त्यावरच्या मुंगीएवढ्या गाड्या. आणि डाव्या हाताला नुसता डोंगर. झाफिर म्हणाला,

"भांडाल तर एकालाच नेईन. दुसऱ्याच्या जागी दगड ठेवीन."

सगळे हसले. रालित्सा तर सगळ्यांत जास्त. मग झाफिरनंच तोड काढली. जाताना दरी यासेनची. येताना घोडी वळली की दरी आपोआप डावीकडं, म्हणजे बिल्यानाची. तिघांनी हातावर हात मारला, गुरांच्या बाजारात मारतात तसा.

हिवाळ्यात यासेन आजारी पडला. रक्ताचं काहीतरी. बर्फ वितळायच्या आत गेला.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद फाटकावर चिकटवतात. येताना तुला दिसलेच असतील, सगळे म्हातारे. रालित्साच्या माहेरच्या फाटकावर त्याचा लागला. लोकरीची टोपी कानांवर ओढलेला, हसू दाबून उभा. तिकडून जाताना मी पलीकडच्या बाजूनं जायचो.

ऑगस्टात ती पोरीला घेऊन आली. आली तशी धूत सुटली. चादरी, पडदे, अंगणातले दगड, धुतलेली भांडी पुन्हा. रडताना तिला कुणी बघितलं नाही. पोराचं नाव कुणी काढलं की ती उठायची, बादली उचलायची आणि नळावर जायची. मग गावानंही नाव काढायचं सोडलं. पण आईनं नाव गिळलं म्हणून पोरगी थोडीच गिळणार. आल्यापासून तिचं एकच. माझी घोडी कधी.

म्हणून झाफिरनं त्या सकाळी सर्नावर लहान खोगीर चढवलं होतं. नुसतं खोगीर, लाल घोंगडी टाकून सजवलेलं. मला दोर धरायला बोलावलं होतं.

बिल्याना आईच्या पुढं धावत आली. घोडीकडं बघितलं आणि थांबली.

"आजोबा, टोपल्या कुठायत?"

"मोडल्या, पोरी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"एकदम?"

"घे आता," फिदाना दारातून म्हणाली. "मला नको विचारूस, मी पीठ मळतेय."

पोरगी सरळ गोठ्यात शिरली. आतून गवत पडल्याचा आवाज आला, आणि ती एक टोपली ओढत बाहेर आली. परत गेली, दुसरी आणली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही माझी. ती त्याची."

रालित्सा फाटकाशीच उभी होती. म्हणाली, "बिल्याना, खोगिरावर बस. मोठी झालीस ना आता."

"टोपलीत ठरलं होतं. आजोबांनी हात मारला होता."

रालित्सानं इकडं तिकडं बघितलं. नळाखालच्या दगडी डोणीपाशी फिदानाची बादली होती, ती उचलली आणि पाणी भरायला लागली. बादली भरलेलीच होती.

झाफिर पोरीपुढं उकिडवा बसला. त्याचे गुडघे वाजले.

"हे बघ. एकाच टोपलीत वजन आलं तर खोगीर फिरतं. तू घोडीच्या पोटाखाली जाशील."

"मग त्याच्या टोपलीत दगड ठेवा. तुम्हीच म्हणाला होता."

झाफिरनं मान खाली घातली. मग उठला, सर्नाचं खोगीर उतरवलं आणि मोठं लाकडी खोगीर चढवलं. तंग ओढला. कुंपणाच्या भिंतीतला एक दगड काढून आणला.

पोरीनं तो दोन्ही हातांनी उचलून बघितला. कसाबसा हलला.

"हा फार जड आहे. यासेन हलका होता. शेवटी बाबा त्याला एका हातानं उचलायचे."

बादलीतून पाणी वाहत होतं. नळ कुणी बंद केला नाही.

झाफिरनं दुसरा आणला. पोरीनं त्यावरून हात फिरवला. "टोचेल," म्हणाली.

तिसरा शोधायला तो वळला तोवर फिदाना आत गेली होती. बाहेर आली ती कोबीचा दगड घेऊन. तुला काय कळणार म्हणा. शरद ऋतू आला की आम्ही पिंपात कोबी मुरवतो, तो वर येऊ नये म्हणून दगडानं दाबतो. बाई सासरी येते तेव्हा नदीवरून दगड निवडून आणते, आणि मग तो दगड त्या घरचा. शेजारणीला कुणी मीठ देईल, नवरासुद्धा उसना देईल, कोबीचा दगड देत नाही. फिदानाचा पांढरा, गुळगुळीत, भाकरीसारखा फुगीर. तिनं तो डोणीत धुतला, वास घेतला, पुन्हा धुतला, कमरेच्या फडक्यानं पुसला.

मी म्हणालो, "काकू, आणि कोबी?"

"कोबी गेला खड्ड्यात. तू दोर धर."

पोरीनं दगड कुशीत घेऊन बघितला. जरा वर-खाली केला.

"इतकाच," म्हणाली.

फिदानानं उतरवलेल्या खोगिरावरची लाल घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली आणि उजवीकडच्या टोपलीत ठेवला. झाफिरनं बिल्यानाला डावीकडं बसवलं. आणि व्हायचं तेच झालं. पोर भारी, दगड हलका, खोगीर डावीकडं कललं. कुणीही दुसरा एखादा दगड गुपचूप घोंगडीखाली सरकवला असता. झाफिरनं नाही सरकवला. तो डावीकडं गेला, वाकला, टोपलीखाली खांदा दिला आणि उचललं. खोगीर सरळ झालं.

"चल," मला म्हणाला.

"वरपर्यंत असाच येणार?" फिदाना म्हणाली. "कंबर मोडेल."

"मोडू दे. तू आहेस की लेप लावायला."

"दोन पेग घेऊन स्वतःच लाव."

अशी निघालो. मी पुढं दोर धरून, झाफिर टोपलीखाली. वाट तू उद्या बघशीलच, पाइनमधून चढते आणि एकदम उघडी होते. तिथं दरी दिसते. मी म्हणालो, "बिल्याना, मान उंच कर, नदी बघ."

"आत्ता त्याची पाळी आहे."

आणि ती डोंगराकडं बघत बसली. जांभळ्या काटेरी फुलांकडं, मातीकडं, बकऱ्यांच्या लेंड्यांकडं. पूर्ण चढभर तिनं एकदासुद्धा मान वळवली नाही. खालून झाफिरचा श्वास ऐकू येत होता.

वर संत इलियाच्या देवळाशी सर्नाला पाणी पाजलं. पोरगी झऱ्याचं पाणी प्यायली, तिनं ओंजळीत थोडं आणलं आणि उजव्या टोपलीवर शिंपडलं. मग म्हणाली, "आता माझी पाळी."

उतरताना दरी तिच्या बाजूला आली, आणि झाफिरची बाजू कडेची झाली. एक पाय वाटेवर, एक उताराच्या गवतात, असा तो चालला. मी म्हणालो, काका, थोडं थांबू या. तो म्हणाला, थांबलो तर पुन्हा खांदा लावता येणार नाही. बिल्याना टोपलीच्या काठावर हनुवटी टेकून बघत होती. पाइन लागायच्या आत ती झोपली.

अंगणात पोचलो तेव्हा रालित्सा डोणीपाशीच होती. हात पाण्यात, पण धूत काही नव्हती.

आता हे ऐक. घोडीवरचं दुतर्फा ओझं कधी एका बाजूनं उतरवायचं नसतं. एक बाजू रिकामी झाली की दुसरी कोसळते. दोन माणसं लागतात, आणि एकदम. माझ्या हातात घोडीचं तोंड, सर्ना घराच्या वासानं ओढ घेत होती. फिदाना पुन्हा पीठ मळत होती, ती दोन पावलं पुढं आली. मग थांबली, आणि पिठाचे हात मागं घेतले.

"रालित्सा," झाफिर म्हणाला, कुठल्याही माणसाला म्हणावं तसा. "ती बाजू धर."

ती हलली नाही.

"पोर झोपलंय गं. माझा खांदा गेला. धर."

ती आली. ओल्या हातांनी उजव्या टोपलीपाशी उभी राहिली.

"मी तीन म्हटलं की," झाफिर म्हणाला. पण त्यानं मोजलं नाही, नुसतं तिच्याकडं बघितलं. त्यानं डावीकडून पोरीला उचललं आणि तिनं उजवीकडून घोंगडी. एक हात खाली गेला, एक पाठीमागं. दगड कुणी असा उचलत नाही.

झाफिरनं बिल्यानाला बाकावर निजवलं आणि तिथंच खाली बसला. खोगीर उतरलं, टोपल्या उतरल्या. सर्ना गोठ्यात गेली. रालित्सा तशीच उभी होती, घोंगडी छातीशी. फिदाना "ठेव खाली" म्हणाली नाही. मीही नाही.

मग रालित्सानं घोंगडीचं एक टोक बाजूला केलं, आत हात घातला.

"गार पडलाय," म्हणाली.

आणि टोक पुन्हा वर ओढून घेतलं, नीट, सगळीकडून. तेव्हा कुठं ती खाली बसली. जमिनीवरच, मातीत. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो पुन्हा ऐकायचा नाही. त्यात यासेनचं नाव होतं. फिदाना तिच्याजवळ बसली, पिठाच्या हातांनीच तिचं डोकं धरलं. पोरगी जागी झाली नाही.

आता दर उन्हाळ्यात येतात त्या. दगड तिनं नेला नाही. प्लोवदिवला कुठं ठेवणार. तो इथंच असतो, उजव्या टोपलीत, त्याच घोंगडीत. फिदानानं कोबीसाठी नदीवरून नवा आणला. कोबी पहिल्यासारखा होत नाही. ते तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नाही.

तुझी पोरं दोन. म्हणजे उद्या दोन्ही टोपल्या लागतील, आणि झाफिरला आता वाकता येत नाही. तो खांदा तेव्हापासून तसाच आहे. तो तुला सांगेल, उजव्या टोपलीतली घोंगडी काढून बाकावर ठेव. गुंडाळी एवढीशी दिसेल, तुझ्यासारख्या गड्याला काहीच नाही.

तरी माझं एक ऐक. ती एका हातानं उचलू नको.