आधी एक चमचा

"काही औषध, गोळी?" रेसकोर्सच्या डॉक्टरांनी विचारलं. हातात लघवीसाठीची रिकामी बाटली होती.

"एक चमचा," छटाक म्हणाला. "बायकोचं."

"बायकोचं औषध तू कशाला प्यायलास?"

"आधी मी घेतल्याशिवाय ती घेत नाही."

छटाक हे त्याचं खरं नाव नव्हे. पण इतक्या हलक्या जॉकीला दुसरं काय म्हणणार? औषध मॉर्फिनचं आहे हे ऐकल्यावर डॉक्टरांनी बाटली टेबलावर ठेवली.

"अरे, खांद्याचं हाड मोडलं तेव्हा साधी गोळीसुद्धा मला विचारून घेतलीस!"

"तेव्हा दुखत मला होतं."

नियम त्याला पाठ होता. असलं औषध अंगात असताना घोड्यावर बसायचं नाही. तोल गेला तर पडणारा एकटा पडत नाही, मागचे सगळे अंगावर येतात. चमचाभराने काय होतंय, असं घरून निघताना वाटलं होतं. बाटली समोर आल्यावर तसं वाटेना.

"सांगितलंस म्हणून लायसन्स वाचलं," डॉक्टर म्हणाले. "औषध बंद झालं की ये. तपासू, मग बस."

बाहेर ट्रेनर भडकला. वर्षभर त्याने छटाकसाठी एक तांबडी घोडी तयार केली होती. मोठी शर्यत महिन्यावर आली होती. "तोंडात धर आणि मोरीत थुंक की! एवढं नाटक जमत नाही तुला?"

संध्याकाळी छटाकने ते करून पाहिलं. बायको उशीला टेकून त्याच्याकडे बघत होती. दुखणं तिच्या हाडांत शिरलं होतं, पण नजर शाबूत होती.

"गिळा."

छटाकने नुसतीच मान हलवली.

"आ करा बघू."

त्याला हसू फुटलं आणि औषध घशाखाली गेलं.

"तुमच्या वजनापायी जन्मभर मी उकडलेलं खाल्लं," ती म्हणाली. "तेलाचा थेंब मागितला कधी? आता माझं कडू तुम्ही खा." मग तिने आपला चमचा घेतला.

घोड्यावर बसायला मनाई झाल्याचं त्याने तिला सांगितलं नाही. रोज सकाळी बूट पिशवीत घालून निघायचा आणि तबेल्यात लीद उचलायचा. घोडीचा खरारा मात्र स्वतः करायचा. घरी आल्यावर ती विचारायची, "कितवे आलात?"

"तिसरा."

"रोज तिसरेच?"

एक दिवस त्याने उशी सारखी केली तेव्हा तिने त्याची बाही नाकाशी धरली. "अहो, जॉकीच्या अंगाला लिदेचा वास कसा? कोणी उतरवलं तुम्हाला?"

मग सांगावंच लागलं. तिने बाही सोडली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी तो औषध घेऊन आला तर तिने हात पुढे केला. "आणा इकडे." चमचा तोंडाला लावला, डोळे घट्ट मिटून गिळलं. "झालं. जा, बसा घोडीवर. शर्यत आहे ना?"

शर्यतीला अजून वेळ होता. ट्रेनरने दुसरा जॉकी नक्की केला नव्हता. छटाक बाटली हातात धरून उभा राहिला. मग त्याने चमचा पुन्हा भरला आणि पिऊन टाकला.

"कडू आहे," तो म्हणाला.

"वेडे आहात," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने वाटीभर पेज मागून घेतली.

मोठी शर्यत त्याने कुंपणापाशी उभं राहून पाहिली. घोडी दुसरी आली. घरी "कितवे आलात?" असं तिने विचारलं तेव्हा त्याने घोडीचा नंबर सांगितला, "दुसरा."

पावसाळा संपता संपता ती गेली.

दिवसपाणी उरकल्यावर छटाक रेसकोर्सवर गेला. वजनकाट्यावर उभा राहिला. वजन मुद्दाम न उतरवताही कमीच भरलं. डॉक्टरांनी रिकामी बाटली पुढे केली. चेहरा पाहून ते जरा घुटमळले, पण विचारणं भाग होतं.

"काही औषध, गोळी?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही," छटाक म्हणाला आणि बाटली घेऊन आत गेला.