टेम्पी आत्याने वाचलेलं पहिलं कलम

माझ्या दुकानात केस सरळ करून मिळायचे, आणि १९५८ च्या हिवाळ्यापासून वाचायलाही शिकवलं जायचं. पुढच्या खोलीत स्टोव्हवर कंगवे तापत असायचे, मागच्या खोलीत बाकं मांडलेली. जागा मुद्दाम निवडली होती. शाळेत वर्ग घेतला असता तर मास्तरांची नोकरी गेली असती. मला कोण काढणार? गिऱ्हाईक सगळं आमचंच, काळ्यांचं. शिवाय गोऱ्यांना आमच्या केसांत काडीचा रस नाही, त्यामुळे आमच्या अख्ख्या बेटावर माझ्या दुकानाइतकी निर्धास्त जागा दुसरी नव्हती.

शिकवायचं काय, तर राज्याची घटना. आमच्या साउथ कॅरोलायनात काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालायचं, तर कचेरीतल्या साहेबासमोर घटनेतला उतारा मोठ्याने वाचून सही करावी लागायची. गोऱ्यांचं वाचन कोण किती तपासत होतं ते आम्हाला चांगलं माहीत होतं, पण जाऊ दे, आज माझा मूड चांगला आहे.

वर्गात सगळ्यात मोठी माझी टेम्पी आत्या. वय सदुसष्ट, जन्म सगळा कालवं फोडण्यात गेलेला, आणि जीभ त्या सुरीपेक्षा धारदार. एकदा मी तिला विचारलं, "आत्या, या वयात कशाला एवढा जीव काढतेस गं?"

"सदुसष्ट वर्षं दुसऱ्यांनी निवडलेल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या," ती म्हणाली. "मरायच्या आधी एकदा मी निवडलेल्याच्या खाईन."

आमच्या चर्चमध्ये पुस्तकं कमी आणि वाचणारे त्याहून कमी. म्हणून एकाने भजनाची ओळ म्हणायची, थांबायचं, आणि सगळ्यांनी तीच ओळ मागून गायची. चाळीस वर्षं ही आधीची ओळ पाठ म्हणणारी टेम्पी आत्या. मी डोकं चालवलं. म्हटलं, घटनाही अशीच शिकवू! आत्या बोट ठेवून एक ओळ वाचणार, थांबणार, बाकीचे मागून म्हणणार. काय सांगू तुम्हाला, चार महिन्यांत कलमांवर लोक डुलायला लागले. मी स्वतःवर अशी खूश होते की विचारू नका.

यादी महिन्याच्या पहिल्या सोमवारी उघडायची. जूनच्या निवडणुकीआधीचा शेवटचा सोमवार आला. हेझकाया कालवंवाल्याने त्याच्या ट्रकमधून तीन खेपा करून आम्हा एकोणचाळीस जणांना खाडीपलीकडे कचेरीत नेऊन सोडलं. जिन्यावरच्या रांगेत सगळ्यांत पुढे आत्या, निळी टोपी घालून. तिच्यामागे मी. आत्या नापास झाली तर मागचे निम्मे आल्या पावली परतणार हे मला ठाऊक होतं. आणि आत्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत देव ठेवेलच याची हमी कोण देणार?

"ए टेम्पी, चल, ये आत," साहेब ओरडला. वयाने तिच्या धाकट्या मुलाएवढा! माझं डोकंच फिरलं. आत्याने न वळता हात मागे करून मला गप्प बसवलं आणि आत गेली. उकाड्यामुळे दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. त्याने तिला बस म्हटलं नाही. घटनेची पुस्तिका पुढे सरकवली. "तुला पहिलंच पान पुरे आहे. वाच."

आत्याने ओळीवर बोट ठेवलं. चर्चमधला तो मोठा आवाज काढला. "सर्व राजकीय सत्ता केवळ लोकांचीच आहे."

आणि थांबली.

साहेबाने वाट पाहिली. "पुढे?"

आत्याचं बोट तिथंच. साहेबाच्या तोंडावर हसू पसरलं, त्याने लेखणी उचलली. अरे देवा, ती अडली नव्हती, ती आमची वाट बघत होती! मीच तशी सवय लावली होती. चार महिने एकदाही तिला एकटीला सलग वाचू दिलं नव्हतं. शिकवणारी म्हणे मी, गाढव नुसती.

विचारबिचार काही केला नाही, माझं तोंड आपोआप उघडलं. "सर्व राजकीय सत्ता केवळ लोकांचीच आहे!" आणि मागून सदतीस गळे माझ्या गळ्यात मिसळले. जिना दणाणला.

साहेब ताडकन उठला. "कोण सांगतंय तिला? चालते व्हा! सगळे खाली अंगणात!"

"सांगतंय कुठे, साहेब? ती आधी म्हणाली, आम्ही नंतर," मी म्हटलं. पण गेलो खाली, त्याच्या खिडकीच्या बरोबर खाली.

त्याने धाडकन खिडकी लावून घेतली. चर्चच्या शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्याला जागं करणारा आत्याचा आवाज तो, काच त्याला काय अडवणार!

"ती लोकांकडूनच येते," वरून आत्या.

"ती लोकांकडूनच येते!" खालून आम्ही. कुणीतरी टाळी धरली.

"म्हणून सरकारचं स्वरूप बदलण्याचा हक्क लोकांना सदैव आहे."

आम्ही तेही म्हटलं, आणि काय म्हटलं! समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. एक पोलीस हातात अर्धं सँडविच घेऊन धावत आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. राज्याची घटना म्हणणाऱ्यांना कुठल्या कलमाखाली पकडायचं हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. मग त्याने सँडविच संपवलं.

थोड्या वेळाने आत्या बाहेर आली. हातात मतदाराचं प्रमाणपत्र, टोपी जराशी तिरकी. मी रडले. सरळ सांगते, हमसून हमसून रडले.

पुढच्या पंचवीस जणांना साहेबाने काही वाचायलाच सांगितलं नाही. "सही करा आणि जा," एवढंच. मग घड्याळ बघून त्याने दार लावलं. उरलेल्या बारा-तेरा जणांना पुढच्या महिन्यात यावं लागलं, त्यांनी त्याला तेव्हा पुरेपूर छळलं.

परतताना ट्रकमध्ये मी आत्याच्या शेजारी बसले. पोटातलं बोलून टाकलं. "आत्या, माझं चुकलं गं. मी तुला तसं शिकवलं म्हणून तू अडकलीस."

"पहिल्या ओळीला थांबले ती सवयीनं," आत्या म्हणाली. "मला वाटलं चर्चमध्येच आहे."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांना मुद्दाम थांबले. म्हटलं, एवढं छान लिहून ठेवलंय या गोऱ्यांनी, त्यांच्याही कानावर दोनदा पडू दे."

पुढे बसलेला हेझकाया इतका हसला की ट्रक रस्त्याच्या खाली उतरता उतरता वाचला.