छबुबाईंचा पोहायचा भोपळा

मी भोपळा बोलतोय. भाजीचा समजून विळी काढू नका! मी पाठीला बांधून पोहायला शिकवणारा भोपळा आहे, धारूरच्या डोंगरातल्या एका गावाचा जुना गुरुजी.

गावाबाहेर आमचा ओढा कड्यावरून खाली उडी घेतो. पाण्याच्या बटा सुटतात म्हणून त्या धबधब्याला 'झिपरी' म्हणतात. खाली डोह आहे. हरिबांनी मला वाळवलं, तेल चोळलं, भोवती सुतळीचं जाळं विणलं आणि आपल्या लेकीच्या, छबूच्या पाठीला बांधून तिला डोहात सोडलं. पाचव्याच दिवशी ती पोरगी मला काठावर फेकून एकटी पोहली. मला राग आला, पण खरं सांगतो, आनंद जास्त झाला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. डोहाच्या तळाला भेगा पडल्या आणि मी खुंटीवर गेलो. पुढेही तसंच चाललं, दोन वर्षं पाणी आणि तीन वर्षं खुंटी. मी धूळ खात लटकायचो आणि गावातली पोरं पोहायला न शिकताच मिसरूड फुटून मोठी व्हायची. दुष्काळात माणसं आटलेल्या विहिरी मोजतात. पोहणारे किती उरले हे कुणी मोजलं नाही.

दोन हजार सोळाला पावसाने कसर भरून काढली. झिपरी धो धो कोसळू लागली. गेवराई, बीडहून गाड्या भरभरून लोक यायला लागले. गावाने पर्यटन सहकारी संस्था काढली, सुंदरराव अध्यक्ष झाले. बारा बायकांनी भज्यांच्या आणि भाजलेल्या कणसांच्या टपऱ्या टाकल्या. धंदा चालला तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची पाळी येणार नव्हती. पण परवानगी देणाऱ्या तालुक्याच्या साहेबांची अट होती: डोहावर पट्टीचा पोहणारा राखणदार दाखवा, नाहीतर फाटकाला कुलूप.

"कुणाला येतं बे पवायला?" सुंदररावांनी बैठकीत विचारलं. सगळे जालिंदरकडे बघू लागले, कारण गडी अंगाने धिप्पाड. त्याने मान डोलावली. बायकांना कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी जालिंदर छबुबाईंच्या दारात हजर. छबुबाई आता साठीला टेकल्या होत्या.

"आत्या, मला पवायला येत न्हाई."

"मग हो कावून म्हणलास?"

"समदे माझ्याकडंच बघायलते."

छबुबाई पोट धरून हसल्या आणि त्यांनी मला खुंटीवरून काढलं. आठ दिवस जालिंदरने हातपाय झाडले. इतकं पाणी प्यायला की मला डोहाचीच काळजी वाटली!

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आधी तो भोपळा सोडा."

जालिंदर मला सोडून पाण्यात गेला असता तर बुडालाच असता. त्याने टपऱ्यांवरच्या बायकांकडे पाहिलं. त्यांच्या कढया तापल्या होत्या.

"साहेब, खरं सांगतो, मला येत न्हाई. पण आत्याला येतं."

"बाईमाणूस?" सुंदरराव पुटपुटले. तोवर छबुबाईंनी कासोटा घट्ट खोचून उडी मारली होती. झिपरीच्या धारेखालून त्या पलीकडच्या खडकावर पोचल्या आणि ओरडल्या, "साहेब, माघारी येऊ, का तुमचा परवानगीचा कागद हिकडंच आणता?"

साहेब हसले. फाटक उघडं राहिलं. दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रॅक्टर आला, तेव्हा बारापैकी सात जणी त्यात चढल्या नाहीत.

आता छबुबाईंच्या गळ्यात शिट्टी असते. मला एक चीर गेली होती, ती त्यांनी मेणाने बुजवली. जालिंदर झकास पोहतो आणि मला ओळखच दाखवत नाही. सध्या माझ्याकडे टपऱ्यांवरच्या बायका शिकतात. त्या किंचाळतात फार, पण शिकतात लवकर.

दुष्काळ पुन्हा येईल, डोह आटेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाणी आहे तोवर या. आणि पोहता येत नसेल तर लाजून मान डोलावू नका. छबुबाईंना खरं सांगा, पाठीला मी आहेच.