माझा पाला खाऊन बरा झालेला माणूस

मी बोकड बोलतोय. हौस म्हणून नाही, तुम्ही मागे लागलात म्हणून. "सांगा ना तुमची जीवनकहाणी!" बोकडाची कहाणी बहुतेक वेळा रश्श्यात संपते, आणि तेव्हा ऐकायला कुणी थांबत नाही, वाटी पुढे करतात. माझी अजून संपली नाही एवढंच. शाळेत मी एकदाच गेलो, तेही मास्तरांचा कोबी खायला. तेव्हा भाषेच्या चुका काढू नका.

आणि खरं सांगू का, पित्त खवळलंय म्हणूनही बोलतोय. शेजारच्या अंगणात चर्चची माणसं येतात, अनाएली सुताराभोवती बसतात आणि विचारतात, "कशी सुटली रे दारू?" तो सांगतो, देवाची कृपा. बायकोच्या हातची भाजी. रानातली हवा. कुंपणाच्या अलीकडे बांधलेला मी कान टवकारून बसतो. माझं नाव येत नाही.

माझा जन्म याच डोंगराच्या उतारावरचा, केळीच्या बागेतला. किबो शिखराचं बर्फ वर डोक्यावर आणि खाली आमची दाटी. केळीखाली कॉफी, कॉफीखाली घेवडा. बोकडाला चरायला जागा कुठून असणार? म्हणून आम्हाला घरातच बांधतात आणि चारा आणून घालतात. तो आणायचा बाईनं. खालच्या माळावर जायचं, गवत कापायचं, भारा डोक्यावर घेऊन चढ चढायचा. पुरुषानं गवताचा भारा उचलला तर सगळा डोंगर हसतो. मग पुरुष काय करतो? पुरुष बसतो.

मला लहानपणीच खस्सी केलं. कुणी विचारलं नाही. लवकर लठ्ठ व्हावा, नाताळाला कामी यावा म्हणून.

अनाएलीच्या घरी आलो तेव्हा त्याचा हात सोन्याचा होता. खाटा, दारं, शवपेट्या, सगळं तो करायचा. पण गोंगो लागली होती. गोंगो म्हणजे चोरून गाळलेली, घशातून उतरताना रस्ता जाळत जाणारी. आधी रंधा गेला तिच्यात, मग करवत. एक दार अर्धंच राहिलं, ते अजून भिंतीला टेकून उभं आहे. आणि आमच्याकडे भाजलेलं मटण आणि दारू म्हणजे नवरा-बायको. जिथे मटणाचा धूर, तिथेच बाटली. माणूस म्हणतो, जरा दोन तुकडे खाऊन येतो. येतो तो खांद्यावरून येतो, लोकांच्या.

एक दिवस त्याचे डोळे झेंडूसारखे पिवळे झाले. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईनं पोट दाबून पाहिलं आणि तोंडावर सांगितलं, "यकृत सुजलंय तुझं. आता एक घोट जरी घेतलास, तर तुझी पेटी दुसऱ्या सुताराकडून करून घ्यावी लागेल. मटण, तळण बंद. पाला खा, केळी खा, घेवडा खा."

त्याची बायको आइकांदे. तोंडाने तिखट, मनाने त्याहून. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता तुम्ही घरी बसणार ना? मग हा बोकड तुमचा. मी बाजारात केळी विकू, पोरांचं बघू, तुमची ओकारी काढू, आणि वर या लठ्ठ्याला गवतही आणू?"

"मी गवत आणू? लोक काय म्हणतील?"

"दारू पिऊन गटारात पडायचात तेव्हा लोक आरती ओवाळायचे का? भारा उचलायची लाज वाटते तर याला घेऊन वर रानात जा. तो चरेल. तुम्हीही चरा."

असा मी आयुष्यात पहिल्यांदा चरायला घराबाहेर पडलो. दोरीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला थरथरणारा माणूस. पाटाच्या कडेकडेने वाट जाते, आणि गुत्ता नेमका त्याच वाटेवर. बाकड्यावर बसलेल्यांना तर सणच झाला.

"ए अनाएली, नवी बायको का रे? दाढी आहे की हिला!"

"अरे, कोण कुणाला चरायला नेतंय ते तरी सांगा!"

"ये रे, एक पेला घेऊन जा. बोकडाला सांगत नाही आम्ही."

माझ्या अंगाला आग लागली होती. त्यांच्या पोरांच्या अंगावर धड सदरा नाही आणि दात काढतात! माणूस बुडत असताना हात देणारा कुणी नसतो, पण तो काठाला लागला की त्याचा पाय ओढायला दहाजण धावतात. असले मित्र बोकडांत नसतात. आम्ही टक्कर देतो, ती समोरून देतो.

वर रानाच्या कडेला तो गवतात पडायचा. घाम फुटायचा, दात वाजायचे, मध्येच उठून खालच्या वाटेकडे तोंड करायचा. दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली. त्याने ओढलं की मी खुर रोवायचो. त्याला वाचवायला म्हणून नव्हे, उगाच मोठेपणा चिकटवू नका मला. माझ्यासमोर कोवळा पाला होता, तो सोडून मी का हलू? तो शिव्या द्यायचा, रडायचा, पुन्हा पडायचा. मी खात राहायचो. ऊन उतरेपर्यंत त्याची ती हुक्की निघून जायची.

मग एक दिवस तो माझं तोंड बघत बसला. मी कामोणीचा पाला खात होतो. त्याने हात घालून माझ्या तोंडासमोरची कामोणी खुडली! "आइकांदेला दाखवतो," म्हणाला. झालं. त्या दिवसापासून मी शोधायचं आणि त्यानं खुडायचं. कामोणी, राजगिरा, भोपळ्याची कोवळी पानं. आइकांदे ती कांदा घालून परतायची. केळी आणि घेवडा एका भांड्यात शिजवून किबुरु करायची, पूर्वी त्यात मटणाचं हाड टाकायची ते बंद केलं. पहिल्या दिवशी त्याने ताट सरकवलं.

"हे काय बोकडाचं खाणं?"

"बोकडाचे डोळे बघा आणि आरशात तुमचे बघा," ती म्हणाली.

नुसत्या पाल्याने दारू सुटते असं कुणी सांगत असेल तर खोटं आहे. पण सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं, हातात दोरी होती, मटणाच्या धुराकडे पाय वळत नव्हते, आणि चढ चढून आलेल्या पोटाला खरी भूक लागत होती. हळूहळू हात थांबले. पिवळेपणा उतरला. झाडाखाली बसून तो पडलेल्या फांदीचे चमचे कोरायला लागला. गुत्त्यावरच्यांची थट्टाही शिळी झाली.

आणि आला नाताळ. नाताळाला आमचे सगळे शहरातून डोंगरावर परत येतात. अनाएलीचा थोरला भाऊ ओफोरो दार-एस-सलामहून मोटार घेऊन आला. भावाला धट्टाकट्टा पाहिला, मिठी मारली, रडला. आणि मग या शहाण्याने काय करावं? भावाची दारू सुटली म्हणून जेवण घातलं, आणि जेवणासाठी आंबवलेल्या केळीची दारू आणली, म्बेगे, पिंपभर! दारू सुटल्याचा आनंद दारू पिऊन! शेण खाणाऱ्या किड्यालाही यापेक्षा अक्कल असते. आणि कापायला कोण? मीच.

अंगण भरलं. मी खुंटाला, चाकू दगडावर. शेजारचे मासावे काका कुळातले वडीलधारे, ते मधोमध बसले. ओफोरोने वाळक्या भोपळ्याचा तुंबा म्बेगेने भरला आणि अनाएलीच्या हातात दिला. आमच्याकडे पाहुण्याला तुंबा देण्याआधी घरधन्याने स्वतः घोट घ्यायचा असतो, आत विष नाही हे दाखवायला.

"दादा, मला नको," अनाएली म्हणाला.

"अरे, पी कोण म्हणतंय? घोट घे नि पुढे दे. म्बेगे म्हणजे काय गोंगो आहे का?"

आइकांदे चुलीपाशी उभी राहिली. "डॉक्टरीण बाई म्हणाली होती..."

"आइकांदे, पुरुषांचं चाललंय," ओफोरो म्हणाला.

"घरधनी पीत नाही," मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काय घातलंय काय त्यात?"

लोक हसले. मासावे काका हसले नाहीत. "म्बेगेऐवजी बाटलीतला सोडा दिला तर पूर्वज जेवणाला येणार नाहीत," एवढंच पुटपुटले. अनाएलीचं तोंड तुंब्याकडे वळलं. ते वळणं मला ठाऊक होतं. रानात पहिल्या दिवसांत असंच खालच्या वाटेकडे वळायचं.

त्याने तुंबा खाली ठेवला आणि कुंपणाकडे गेला. आमची कुंपणं इसालेच्या झाडांची, लांब पात्यासारख्या पानांची. ते पान कुणी हातात दिलं की ती माफीची याचना असते, आणि ती नाकारता येत नाही. मोठी चूक असेल तर पान बोकडाच्या गळ्यात बांधून बोकडच देतात. त्याने पान तोडलं, माझ्या गळ्यात गाठ मारली, माझी दोरी सोडली आणि ओफोरोपुढे धरली.

"दादा, सगळ्यांसमोर तुझं मन मोडतोय. मला माफ कर. मी पिणार नाही. आज नाही, कधीच नाही."

"अरे, सख्ख्या भावाला इसाले देतोस?" ओफोरोचा चेहरा पडला.

"पान आलं," मासावे काका म्हणाले. "घे दोरी. आणि पहिला घोट आता तू घे."

ओफोरोने दोरी घेतली. आइकांदे पदराआड रडली. लोकांनी कुरकुरत किबुरु खाल्लं, कारण मला कापायचं की नाही ते आता ओफोरोने ठरवायचं, आणि त्याची भूकच मेली होती. चाकू तसाच परत गेला. सगळे म्हणाले, काय मर्द आहे अनाएली!

आणि मी? दोरी दुसऱ्याच्या हातात गेली की बोकड दुसऱ्याचा. शहराला परत जाताना ओफोरोने मला मासावे काकांकडे बांधलं. "ईस्टरला येतो, तेव्हा कापू."

आता अनाएली चर्चच्या माणसांना असंही सांगतो, "माझ्याकडचं सगळ्यात प्रिय होतं ते मी देऊन टाकलं." बाया डोळे पुसतात. तुझ्याकडचं काय रे? मान माझी होती! तू वाचलास, चांगलं झालं, मी काही तुझ्या मरणावर टपलो नव्हतो. पण मला विचारलं होतंस?

आइकांदे कुंपणावरून भोपळ्याचा पाला टाकून म्हणाली, "रागावू नको रे बाबा, माझा इलाज नव्हता." मासावे काका म्हातारे, त्यांनीही माझ्या डोक्यावर हात ठेवून सुस्कारा टाकला. ओफोरोसुद्धा मोटारीत बसताना म्हणाला, "बिचारा, याचा काय दोष?"

ईस्टर जवळ आलाय. एक माणूस रोज सकाळी पाटावरून एकटा रानात जातो, हातात चमचा कोरायचा चाकू, आणि माझ्या खुंटापाशी आला की मान वळवून आभाळाकडे बघतो. आभाळाने काय केलंय? इकडे बघ. सोडवायला जमलं तर सोडव, नाही जमलं तर नको, पण तोंडातून दोन शब्द काढ. बाकी सगळे बोलून गेले. राहिला तो एकटा, अनाएली.