एकोणीस फरश्या

मी एक जुनी दोरी आहे. लांबी मात्र इतक्यात विचारू नका, मित्रांनो. सगळं दुखणं तिथंच आहे.

माझा जन्म दुधनीचा. केराबाईनं अंगणात बसून घायपाताचा वाख मांडीवर वळला आणि मला आकार दिला. आमच्याकडे दोरीचं भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. बैल, नाहीतर बादली. माझ्या बहिणी त्यातच सुखानं झिजल्या. मला मात्र न्यायला आले ते गणिताचे प्राध्यापक.

सिद्धलिंगप्पा त्यांचं नाव. ते मूळचे दुधनीचेच. सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला अल्जिब्रा शिकवायचे, आणि पोरं त्यांना अप्पासर म्हणायची.

"केराबाई, चाळीस फूट पाहिजे."

"बैलाला येवडी लांब कशाला रे, अप्पा?"

"बैलाला नाही. पोरांना."

"मग कमीच पडंल की!"

तिनं आठ वेळा हात पसरले आणि वर थोडी जास्तच वळली. सरांनी घरी नेऊन टेपनं मोजलं, बरोबर चाळीस फुटांवर कापलं आणि दोन्ही टोकांना लाल दोरा घट्ट गुंडाळला. तेव्हापासून मी गणिताची दोरी झाले. घरात आधी कुणीही शिकलेलं नव्हतं.

माझं काम वर्षातून एकदा, जानेवारीत असायचं. वर्गाच्या मागे एक लांब भिंत आहे. सर मुलांना तिथं न्यायचे आणि विचारायचे, "भिंतीची बाजू फुकट. उरलेल्या तीन बाजूंना ही चाळीस फूट दोरी. आत जास्तीत जास्त जागा कशी मिळेल?" मुलं मला धरून उभी राहायची. कुणी लांबट आकार करायचं, कुणी अरुंद. मग सर जमिनीवर खडूनं लिहायचे. भिंतीपासून निघणाऱ्या दोन बाजू एक्स, एक्स. समोरची चाळीस वजा दोन एक्स. गुणाकार केला की क्वाड्रॅटिक तयार. त्याचा आलेख वर चढतो, शिखरावर जातो आणि उतरतो. शिखर दहावर. दोन बाजू दहा-दहा, समोरची वीस, क्षेत्रफळ दोनशे. पुस्तकात आठवडाभर न समजलेलं तिथं दहा मिनिटांत समजायचं. पोरं टाळ्या वाजवायची. टाळ्या सरांना असायच्या, पण ताणलेली तर मीच असायचे ना!

एका वर्षी शिपाई मायाप्पा म्हणाला, "सर, कुंपण म्हनता, मग आतमधी शेळी कुटं हाय?" आणि दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःची शेळीच आणली. शेळीनं क्षेत्रफळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हजेरीचा कागद तेवढा खाल्ला. त्या दिवशी सरांनी सगळा वर्ग हजर धरला.

सरांचं एक वाक्य मला पाठ होतं. ते म्हणायचे, "गणित पुस्तकात सुरू होत नाही. आधी मोजा, मग मांडा." चौदा वर्षं मी ते ऐकलं. दर वर्षी नव्या पोरांना ते नवं वाटायचं आणि मला खरं वाटायचं.

मग एका एप्रिलमध्ये परीक्षा चालू असताना वारा सुटला. वर्गाच्या मागच्या खिडकीची कडी तुटलेली होती. झडप धाडधाड आपटायला लागली आणि पोरांच्या उत्तरपत्रिका उडायला लागल्या. अप्पासर उठले. खिळ्यावर मी टांगलेली होते. त्यांनी खिशातला चाकू काढून माझा दोन फुटांचा तुकडा कापला आणि झडप गजाला बांधून टाकली. पोरांनी निवांत पेपर लिहिला. सर नीटनेटके माणूस. त्यांनी माझ्या नव्या टोकालाही तसाच लाल दोरा गुंडाळला. इतका तसाच, की मी पूर्ण दिसायला लागले. मग ते विसरले. चांगलं काम केलं की माणूस लवकर विसरतो. एरवी हा गुणच म्हणायचा.

पुढच्या जानेवारीत वर्गात बुद्धप्रिया होती. ती होटगीहून रेल्वेनं यायची. तिचे वडील धम्मदीप रेल्वेत गँगमन. रूळ तपासत चालायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरी ठरलं होतं की एक वर्ष कॉलेज. सगळे पेपर निघाले तर पुढं शिकायचं, नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात जायचं. ठरवलं होतं आईनं, नागूबाईनं. मुलीनं मान डोलावली होती, कारण पेपर निघणार याची तिला खात्री होती. ती हुशार होती, मित्रांनो. गप्प बसणाऱ्यांपैकी हुशार. वर्गात या हुशारीची नोंद उशिरा होते.

त्या दिवशी कॉलेज तपासायला वरून समिती आली होती. भिंतीला ताजा चुना, पायरीला रांगोळी. प्राचार्यांनी सरांना सांगितलं होतं, "तुमचा तो दोरीचा प्रयोग दाखवा. समितीला असलं आवडतं." मला खिळ्यावरून काढून आणायला सरांनी बुद्धप्रियाला पाठवलं.

तिनं मला काढलं, आणि जे चौदा वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. व्हरांड्यात मला सरळ पसरलं. व्हरांड्याला शहाबादी फरशी आहे, एकेक दोन फुटांची. ती वाकून मोजत गेली. एकोणीसवर मी संपले. तिनं परत मोजलं. परत एकोणीस.

भिंतीपाशी समितीचे तिघं खुर्च्यांवर बसलेले. सर आनंदात होते. "हं, बुद्धप्रिया, सांग. चाळीस फूट दोरी—"

"सर, अडतीस हाय."

"काय?"

"दोरी अडतीस फूट हाय, सर. फरशीवर मोजली. एकोणीस भरल्या."

समितीतले एक गृहस्थ हसले. "फरशीनं मोजतात का तुमच्याकडे?" मग सगळेच हसले. समिती हसली की हसायचं असतं.

सरांचा चेहरा उतरला. "चौदा वर्षं ही दोरी चाळीस फूट आहे. आज तू आलीस आणि अडतीस झाली?"

"व्हरांडा हितंच हाय की, सर. परत एकदा—"

"खाली बस."

मित्रांनो, त्या वेळी आमच्या डोक्यावर तीच खिडकी होती. माझा दोन फुटांचा तुकडा गजाला बांधलेला, आणि त्याचं लाल दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं. वाऱ्यानं हलत होतं. कुणी नुसती मान वर केली असती तरी चाललं असतं. मी ओरडले असते. पण दोरीला आवाज कधी फुटतो, तर तुटताना.

नंतर वर्गात सगळ्यांनी तोच प्रश्न कागदावर सोडवला. त्याचे दहा गुण वर्षाच्या निकालात धरले जायचे. शेजारी बसलेली शाइस्ता हळूच म्हणाली, "दो सौ लिख दे ना गे. रस्सी क्या बोलनेवाली है?"

"पन ती अडतीसच हाय की."

तिनं लिहिलं: बाजू साडेनऊ, साडेनऊ आणि एकोणीस. क्षेत्रफळ एकशे साडेऐंशी. खाली पूर्ण समीकरण, आलेख, शिखर. एक रेघ चुकली नव्हती. सरांनी लाल पेननं गोल केला. शून्य. पद्धतीचेसुद्धा गुण दिले नाहीत. पायाच चुकीचा, म्हणाले.

जूनमध्ये निकाल लागला. बाकीचे पेपर निघाले होते. अल्जिब्रा चार गुणांनी राहिला.

जुलैत इलाहीबक्ष मिस्त्री खिडकीला नवी कडी बसवायला आला. त्यानं गाठ सोडली, तुकडा हातात घेतला आणि खिळ्यावरच्या माझ्याकडे पाहिलं. "सर, ये तो उसीच रस्सी का टुकडा है. हा बघा ना, लाल धागा पण तोच."

अप्पासरांनी तुकडा घेतला. मला खिळ्यावरून काढलं. व्हरांड्यात गेले आणि या वयात गुडघ्यांवर बसून मला फरशीवर पसरलं. मोजताना त्यांचे ओठ हलत होते. एकोणीसनंतर तुकडा ठेवला. वीस. मग ते तिथंच भिंतीला टेकून बसले. मायाप्पानं विचारलं, "सर, चक्कर आली काय?" सर म्हणाले, "नाही रे. उत्तर आलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि तुकड्याला पिशवीत घातलं आणि होटगी गाठलं. धम्मदीपनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. धम्मदीप ऐकत राहिले.

"सर, रूळ दोन सूत हलला तर आमी गाडी थांबवितो," ते म्हणाले. "तुमी दोन फूट..." घरी आलेल्या माणसाला बोलू नये म्हणून थांबले असावेत.

बुद्धप्रिया कारखान्यातून आली, केसांत टॉवेलचे धागे घेऊन. सरांना पाहून तिनं आधी पदर सावरावा तशी ओढणी सावरली.

"काय काम असतं तिथं?" सरांनी विचारलं.

"टॉवेल मोजते, सर. लांबी-रुंदी बरोबर हाय का बघते." मग म्हणाली, "तिथं मी मोजलेलं कोन परत मोजत न्हाय."

सरांनी खिशातून फेरपरीक्षेचा फॉर्म काढला. "चूक माझी आहे. प्रात्यक्षिक मी परत घेतो. तू फक्त बस."

तिनं फॉर्म हातात घेतला. "सर, परत बसले, आन् परत माजं उत्तर तुमच्यापेक्षा येगळं आलं, तर?"

अप्पासरांना चौदा वर्षांत कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. त्याचं उत्तर दोनशे नव्हतं. एकशे साडेऐंशीही नव्हतं. आतून नागूबाई चहा घेऊन आली.

निघताना त्यांनी मला आणि तुकड्याला शेजारी ठेवलं. "हे गाठ मारून जोडतो. निदान दोरी तरी पूर्ण होईल."

"जोडू नका, सर," ती म्हणाली. "अडतीसच राहू द्या." तुकडा तिनं ठेवून घेतला. आता त्यानं ती सायकलला डबा बांधते.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी अप्पासर कॉलेजात फॉर्म घेतात त्या खिडकीपाशी सकाळपासून उभे होते. क्लार्कनं दोनदा विचारलं, "सर, कुनाची वाट बघताय?" पाच वाजता खिडकी बंद झाली. होटगीहून कुणी आलं नाही. सरांनी मला खिळ्यावर टांगलं, पण हात लगेच काढला नाही.

यंदा जानेवारीत त्यांनी फळ्यावर माझी लांबी लिहिली नाही. मुलांना म्हणाले, "आधी मोजून आणा." वर्गातली समरा व्हरांड्यातून पळत आली. "सर, एकोणीस फरश्या! अडतीस!"

"नक्की?"

"नक्की, सर."

"बरोबर," सर म्हणाले. आणि मग आणखी एकदा, वर्गाच्या मागच्या खिडकीकडे बघत, "बरोबर आहे तुझं." समराला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा का सांगितलं, ते तिला कळलं नाही.

माझे पीळ आता सुटायला लागलेत. मला तेल लावा, उन्हापासून जपा, असं मी म्हणणार नाही. दोऱ्या दुधनीला खूप मिळतात. एवढंच मागणं आहे. तुमच्यातलं कुणी कधी हळूच अडतीस म्हणालं, तर त्याला खाली बसवण्याआधी मला जमिनीवर पसरा. व्हरांडा तिथंच असतो. अर्धं मिनिट लागतं.