सासूबाईंच्या कॉम्प्युटरला नवी चिप

सासूबाईंचा कॉम्प्युटर म्हणजे घरातलं सगळ्यांत हट्टी माणूस. जाडजूड, पिवळा पडलेला, सुरू होताना दम लागल्यासारखा घरघरणारा. पण विणकामाच्या यंत्राशी बोलावं तर त्यानेच. त्या दोघांच्या बोलण्याचा प्रोग्राम सासूबाईंनी ऐन उमेदीत, पुस्तकांत डोकं घालून स्वतः लिहिला होता. त्यांनी पडद्यावर नक्षी काढायची, कॉम्प्युटरने ती ओळीओळीने यंत्राला सांगायची आणि यंत्राने विणायची. निम्म्या गल्लीच्या अंगावर त्यांचे स्वेटर होते.

हल्ली मात्र नक्ष्या मोठ्या झाल्या आणि कॉम्प्युटर होता तेवढाच राहिला. गायनवर्गाने सगळ्यांसाठी स्वेटर सांगितले होते, छातीवर बगळ्यांचा थवा. एक बगळा इकडचा तिकडे केला, की पडदा पुन्हा भरेपर्यंत सासूबाईंचा चहा पिऊन कपसुद्धा विसळून व्हायचा.

"आई, भंगारात दे तो. नवा घेऊ," मुलगा म्हणाला.

"नव्याला माझ्या यंत्राशी बोलता येईल?"

मुलाने विषय बदलला.

सूनबाई लिफ्ट दुरुस्त करायची. सुटीच्या दिवशी तिने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, मुख्य चिपवरचा क्रमांक वाचला आणि तिला हसूच आलं. मोडीत निघालेल्या एका लिफ्टच्या कंट्रोलच्या पेटीत या चिपचीच धाकटी बहीण पडून होती. पाय तेवढेच, बसायची जागा तीच, आकडेमोडीत मात्र कितीतरी चपळ. साहेबांना विचारून ती चिप तिने घरी आणली.

"हात थरथरला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर मला घराबाहेर काढा."

"आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांना कोण बाहेर काढेल? कर तू."

सूनबाईने जुनी चिप दोन्ही टोकांनी हलके हलके उचकली, नवीची खाच बरोबर बाजूला आहे ना ते दोनदा पाहिलं आणि अंगठ्याने दाबून बसवली. बटण दाबल्यावर घरघर तीच, पण सासूबाई खुर्चीत नीट टेकायच्या आत सगळा थवा पडद्यावर हजर.

मग यंत्र चालू केलं, आणि टाके गळायला लागले. बगळ्यांच्या पंखांना भोकं पडली.

"मी म्हटलं होतं," मुलगा म्हणाला.

सूनबाईचा चेहरा उतरला. नवी चिप परत काढायला तिने स्क्रू ड्रायव्हर उचलला. सासूबाई विणलेला तुकडा उजेडात धरून बघत होत्या.

"ठेव तो खाली. तुझी चिप बरोबर आहे, माझा प्रोग्राम चुकतोय. एक ओळ सांगितली की सुया जागेवर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी कॉम्प्युटरला नुसते आकडे मोजायला बसवलंय. आता हा भराभर मोजून मोकळा होतो आणि सुया मागे राहतात."

"मग?"

"मग काय, जास्त मोजायला लावू."

चष्मा पुसून त्या बसल्या. कित्येक वर्षांत हात न लावलेला प्रोग्राम त्यांनी उघडला. मोजणीची ओळ सापडायला वेळ लागला. आकडा वाढवला, तरी टाके गळले. आणखी वाढवला. सूनबाई यंत्रापाशी कान देऊन उभी होती. "अजून थोडा, आई," ती म्हणाली, आणि तिसऱ्या वेळेस सुयांनी अशी लय धरली, की दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. पहिला बगळा सबंध उतरला, चोचीपासून पायापर्यंत.

गायनाच्या कार्यक्रमाला तिघं पुढच्याच रांगेत होती. मंचावर थवाच्या थवा उभा राहिला तशी शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे स्वेटर कुठून आणले हो?"

सासूबाई म्हणाल्या, "नक्षी माझी, वेग सुनेचा."

सूनबाईला मान कुठे वळवावी कळेना. एवढ्यात मुलगा मध्ये वाकला आणि जुनी चिप कशी काढली, नवी कशी बसवली, आकडा कसा वाढवला, हे त्या बाईंना हातवारे करून सांगू लागला. गाणं सुरू झालं तरी त्याचं संपेना. शेवटी त्याच्या आईने आणि बायकोने दोन्ही बाजूंनी त्याला कोपर मारलं.